पेण-रोह्याचा निरोप अलिबागमार्गे : ओएसपीएफचा एक धडा



बँकेच्या खिडकीवर 'लिंक नाही' हे शब्द ऐकून एखादा पेन्शनधारक परत जातो, तेव्हा दर वेळी तारच तुटलेली असते असे नाही. कित्येकदा तार शाबूत असून राउटरची मांडणी चुकलेली असते. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. मला जे उमगले ते सोप्या भाषेत मांडतो.

समजा, अलिबागच्या मुख्य कचेरीला पेण व रोहा या शाखा फ्रेम रिलेने जोडल्या आहेत. तिघांचे राउटर एकाच जाळ्यात आहेत. परंतु पेण-रोहा थेट जोडणी नाही. प्रत्येक ठिकाण प्रत्येकाशी जोडायचे तर १० ठिकाणांना ४५ जोडण्या लागतात. खर्च वाचावा म्हणून केंद्रामार्फत मांडणी करतात.

ओएसपीएफ ही लिंक-स्टेट पद्धत आहे. प्रत्येक राउटर आपल्या जोडण्या इतरांना कळवतो, सर्वांजवळ एकच नकाशा तयार होतो आणि डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली मांडलेल्या रीतीने जवळची वाट निघते. इथरनेटवर एकाने मारलेली हाक सर्वांना ऐकू जाते. फ्रेम रिलेसारख्या नॉन-ब्रॉडकास्ट जाळ्यात तशी सोय नाही. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) अलिबागच्या राउटरवर पेण व रोह्याचे पत्ते 'नेबर' म्हणून स्वतः नोंदवावेत.

२) माहितीची मध्यस्थी करणारा 'डेझिग्नेटेड राउटर' अलिबागचाच असावा. पेणचा निवडला गेला, तर रोह्याला तो भेटतच नाही.

३) त्यासाठी पेण व रोहा येथे प्रायॉरिटी ० ठेवावी. केवळ अलिबागची वाढवून भागत नाही. कारण एकदा निवडलेला राउटर, वरचढ प्रायॉरिटीचा मागाहून आला तरी पद सोडत नाही.

४) हॅलो व डेड या वेळा सर्वत्र सारख्या असाव्यात. सिस्कोच्या राउटरवर या प्रकारात त्या मुळातच ३० व १२० सेकंद असतात.

५) रोह्याच्या मार्गपत्रकात पुढचा टप्पा म्हणून पेणचाच पत्ता येतो. तो अलिबागच्या जोडणीवरून गाठावा, अशी 'मॅप'ची नोंद रोह्यात करावी, पेणलाही तशीच.

'पॉइंट-टू-मल्टिपॉइंट' प्रकार निवडल्यास डेझिग्नेटेड राउटर लागतच नाही, आणि पुढचा टप्पाही अलिबागच दिसतो.

फ्रेम रिले आता मागे पडली. परंतु केंद्रामार्फत जोडलेली जाळी आजही आहेत. ज्याच्यापर्यंत सर्वांची वाट पोचते, मध्यस्थी त्याच्याकडेच द्यावी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.