आजीमागचा काळोख

माझ्या आजीचा तुळशी वृंदावनाजवळ काढलेला एकच फोटो आमच्या घरी आहे. दिवाळीची संध्याकाळ, वृंदावनाभोवती पणत्या. फोटोत मात्र आजीचा चेहरा पिठासारखा पांढरा आणि मागे ज्योतींचे चार ठिपके सोडले तर नुसता काळोख! फोटो मीच काढला होता.

असे का झाले ते पाहू. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. आजी २ मीटरवर, वृंदावन ६ मीटरवर. तेव्हा तिथे पोचला एक-नवमांश प्रकाश. मग उपाय? गंमत वेळेत आहे. फ्लॅशचा लखलखाट सुमारे १/१००० सेकंदात संपतो. शटर १/६० सेकंद उघडे ठेवा नाही तर १/१५, फ्लॅशचा प्रकाश कॅमेऱ्यात तेवढाच शिरणार. पणत्यांचा उजेड मात्र चौपट जमा होईल! म्हणून भिंगाचे छिद्र तेच ठेवा आणि शटरचा वेळ वाढवा. चेहरा तरीही पांढरा पडत असेल, तर फ्लॅशची शक्ती निम्मी करा. कॅमेरा स्टुलावर टेकवा. हातात धरलात तर ज्योतींच्या रेघा उमटतील.

बऱ्याच मोबाइलवर हा प्रयोग साधणार नाही. त्यातला एलईडी दिवा असा क्षणात विझत नाही. शटर उघडे असेपर्यंत तो पेटलेलाच राहतो.