नहेम्याने न घेतलेले वेतन

शास्त्रपाठ : नहेम्या 5:14-19 व 13:4-14. पाठ घेण्यापूर्वी हे दोन्ही भाग मंडळीत मोठ्याने वाचावे.

पुढाऱ्याने वेतन घेऊन सेवा करावी की केवळ कर्तव्य म्हणून करावी, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत बहुधा वर्षाचा हिशेब होतेवेळी निघतो, आणि तो उपदेशकासमक्ष निघाला म्हणजे त्या बिचाऱ्यास खाली मान घालून बसावे लागते. एक जण म्हणतो, जो पगार घेतो तो चाकर, त्यास सेवक कसे म्हणावे? दुसरा म्हणतो, नहेम्याने बारा वर्षे अधिपतीचे वेतन घेतले नाही, हे शास्त्रात आहे. हे दुसरे बोलणे खरे आहे; परंतु ते अर्धेच आहे. अर्धे शास्त्र पुढे करून एखाद्या घरची चूल विझविणे सोपे असते, म्हणून नहेम्याचा वृत्तांत आज आपण शेवटपर्यंत पाहू.

नहेम्या हा पारसाचा राजा अर्तहशश्त ह्याचा प्यालेबरदार होता. इ. स. पूर्व 445 च्या सुमारास तो यहूदा देशाचा अधिपती होऊन यरुशलेमास आला आणि पडलेला कोट त्याने बांधावयास घेतला. ते काम अवघ्या 52 दिवसांत पुरे झाले. पण ते चालू असतानाच त्याच्या कानी मोठी ओरड आली, आणि ती शत्रूची नव्हे, आपल्याच लोकांची. दुष्काळ पडला होता. शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली होती. राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढावे लागे, आणि पोटची मुलेमुली दासपणात द्यावी लागत. धनको परके नसून यहूदीच होते. सावकाराची वही म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. नहेम्याने थोरामोठ्यांस सभेत बोलावून जमिनी परत करावयास लाविले. आणि विशेष हे की आपण व आपले भाऊबंद ह्यांनीही पैसा व धान्य कर्जाऊ दिले आहे, हे त्याने त्या सभेत लपविले नाही.

ह्याच प्रसंगाला लागून वेतनाची गोष्ट येते. त्याच्या पूर्वीचे अधिपती लोकांकडून अन्न व द्राक्षारस घेत, शिवाय चाळीस शेकेल रुपे घेत, आणि त्यांचे चाकरही लोकांवर अंमल गाजवीत. नहेम्याने हे घेतले नाही. का घेतले नाही? वेतन घेणे पाप आहे, असे तो कोठेही म्हणत नाही. त्याची कारणे दोन : एक देवाचे भय, आणि दुसरे, लोकांवर आधीच असलेला जड भार. जे लोक मुले विकून कर भरीत होते, त्यांच्या ताटातला घास त्यास उचलवेना.

ह्याच ठिकाणी त्याने आणखी एक वाक्य घातले आहे, तेही उपदेशकांनी वगळू नये. आपण शेत विकत घेतले नाही, असे तो सांगतो. दुष्काळात जमीन मातीमोलाने मिळते, आणि अधिकाऱ्याच्या हाती पैसा व वजन दोन्ही असतात. पगार न घेणारा परंतु पाच वर्षांत गावची चांगली जमीन आपल्या नावावर करून बसणारा पुढारी आपण पाहिलेला नाही काय? त्याला लोक निःस्वार्थी म्हणतात. आमच्या मते, वेतन सोडण्यापेक्षा हे शेत न घेणे हीच नहेम्याची मोठी कसोटी होती.

आता त्याच्या पंक्तीकडे पाहा. दररोज दीडशे यहूदी व अंमलदार, आणि त्यांखेरीज आसपासच्या राष्ट्रांतून आलेले लोक त्याच्या मेजावर जेवीत. रोज एक बैल, सहा निवडक मेंढरे व पक्षी लागत. दर दहा दिवसांनी नाना प्रकारचा द्राक्षारस येई. वेतन न घेता हा खर्च कोणास झेपेल? राजदरबारी राहिलेल्या मनुष्यास झेपेल. मोलमजुरी करणाऱ्यास झेपणार नाही. म्हणून, पुढारपण फुकटच केले पाहिजे असा नियम केला, तर ते धनवानाच्या घरी जाऊन बसते, हे ध्यानात ठेवावे. इंग्लंडातील लोकसभेच्या साधारण सभासदांस 1911 सालापर्यंत वेतन नव्हते, आणि मजुराने तेथे बसावे तर कोणी तरी त्याचे पोट भरावे लागे. त्या साली वर्षास 400 पौंड ठरले.

तेराव्या अध्यायात काळ पुढे गेला आहे. नहेम्या बारा वर्षांनंतर राजाकडे परत गेला होता, तो काही दिवसांनी पुन्हा यरुशलेमास आला. येऊन पाहतो, तर एल्याशीब याजकाने मंदिरातील एक मोठी कोठडी तोबीया नावाच्या वजनदार मनुष्यास राहावयास दिलेली! हा तोबीया कोटाच्या कामाचा जुना विरोधी. पूर्वी ह्याच कोठडीत धान्य, द्राक्षारस व तेल ह्यांचे दशमांश, म्हणजे लेव्यांचे वाटे ठेवीत असत. कोठार गेले, वाटे बंद झाले, आणि सेवा करणारे लेवी व गाणारे आपापल्या शेतांकडे निघून गेले. देवाचे मंदिर आम्ही सोडणार नाही, अशी शपथ ह्याच लोकांनी पूर्वी घेतली होती.

ज्याने स्वतःचे वेतन सोडिले, त्या नहेम्याने आता काय केले? निघून गेलेल्या लेव्यांस त्याने आळशी अथवा पोटभरू म्हटले नाही. तुमच्यात त्याग नाही, माझ्याकडे पाहा, असेही म्हटले नाही. त्याने दोष अधिकाऱ्यांस लाविला. तोबीयाचे सामान बाहेर फेकून दिले, कोठड्या शुद्ध करविल्या, लेव्यांस बोलावून त्यांच्या त्यांच्या जागी उभे केले, आणि लोकांनी दशमांश पुन्हा आणिले. आपला वाटा सोडणे त्याच्या हाती होते. दुसऱ्याचा वाटा सोडणे त्याच्या हाती नव्हते, हे तो जाणत होता.

वाटा ह्या शब्दाचा अर्थ आमच्या जुन्या वाचकांस चांगला कळेल. सुतार, लोहार, कुंभार हे पूर्वी खळ्यावर येऊन आपले बलुते नेत. ते भिक्षा मागत नसत, वर्षभराच्या कामाचा हक्क नेत असत. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, ह्या नियमशास्त्रातील आज्ञेवरून पौलाने करिंथ येथील मंडळीस हेच शिकविले. स्वतः मात्र तेथे त्याने काही घेतले नाही. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्याबरोबर राहुट्या करून तो पोट भरी. मासेदोनियातील बंधूंनी पाठविलेले त्याने घेतले, करिंथकरांचे घेतले नाही. आणि मौज अशी की, करिंथकरांस ह्याचेच वाईट वाटले!

आमच्याच महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी 1917 साली मिशनचे वेतन सोडिले. तो त्याग त्यांचा स्वतःचा होता. कोणा कमिटीने ठराव करून तो त्यांजकडून करविला नव्हता. ज्या मंडळीत उपदेशकाची पत्नी दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस जाते, मूल शाळेच्या फीसाठी घरी बसते, आणि पंच मात्र त्यागाचे गीत मोठ्याने गातात, तेथे त्याग कोणी केला व कोणाकडून करविला, हे पंचांनीच आपल्या मनास विचारावे.

लेव्यांचे वाटे पुन्हा सुरू झाल्यावर नहेम्याने ते कोणा एका श्रीमंताच्या हाती ठेविले नाहीत. जो एकटा खाऊ घालतो, तो बोलू देईल तितकेच सेवक बोलतो. त्याने शलेम्या याजक, सादोक शास्त्री व पदाया लेवी ह्यांस कोठारांवर नेमिले, आणि मदतीस हानान ह्यास दिले. हे लोक विश्वासू गणलेले होते, व आपल्या बांधवांस वाटून देणे हे त्यांचे काम होते. त्यांत एक लिहिणारा होता, आणि एक ज्यांना वाटा मिळावयाचा त्या लेव्यांपैकीच होता, हे पाहण्यासारखे आहे.

हा पाठ झाल्यावर मंडळीने आपला जमाखर्च त्याच बैठकीत वाचून पाहावा : उपदेशकास किती द्यावयाचे ठरले होते, किती दिले, बाकी कोणाकडे आहे, आणि कोठडीत सध्या कोणाचे सामान पडले आहे.