महागाई आणि बँकेचे सोने

महागाई वाढली की मध्यवर्ती बँका सोने घेतात, एवढेच उत्तर विद्यार्थी लिहितात. आम्ही त्यास अर्धेच गुण देतो. तुर्कस्तान पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे महागाईचा वार्षिक दर ८५ टक्क्यांवर गेला होता. त्या वर्षी तेथील मध्यवर्ती बँकेने सुमारे १४८ टन सोने घेतले. गंगाजळीतले डॉलरही अमेरिकेतील महागाईने झिजत होते. सोने मात्र कोणाला छापता येत नाही.

पण घरोघरी हाच हिशेब चालला होता! लिरामधली बचत डोळ्यांदेखत आटत होती, तेव्हा लोक सराफाकडे धावले. (आपल्याकडच्या आज्यांनी तरी दुसरे काय केले असते?) सोने बाहेरून आणायचे तर डॉलर मोजावे लागतात, आणि त्यांचीच चणचण. म्हणून २०२३ च्या आरंभी सरकारने सोन्याच्या आयातीवर निर्बंध घातले. मागणी काही थांबली नाही. शेवटी बाजाराची गरज भागविण्यासाठी मार्च ते मे या तीन महिन्यांत बँकेनेच सुमारे १६० टन सोने विकले, आदल्या वर्षीच्या खरेदीहूनही जास्त.

जूनमध्ये ती पुन्हा खरेदीस लागली. का, ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून आणावे.