तणावे फुटायच्या आत

वाटाण्याच्या रानात शिरता येतं ते पहिला सव्वा महिना, फार तर दीड. मग वेल एकमेकांत गुंततात आणि तणावे सापडेल त्याला विळखा घालतात. शेजारचा वेल, सोयाबीनचं धसकट, चाकवताचं ताठ रोप, त्यांना सगळं सारखंच. चाकवत उपटायला जावं तर त्याच्याबरोबर वाटाण्याचे दोन वेल मुळासकट हातात येतात. कोळपं चालत नाही, खुरप्याला जागा उरत नाही, पाऊल टाकावं तिथं फुलोरा मोडतो. म्हणून यातलं निम्मं तण पेरणीच्या आधी आणि उरलेलं तणावे फुटायच्या आत निघालं पाहिजे. त्यानंतर रानात जायचं ते शेंगा तोडायलाच.

माझं माहेर येळ्ळूर. बेळगावच्या त्या अंगाला, येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच काळ्या रानात उरल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. विहिरीचं पाणी नाही, काही नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर पीक येतं. तिथं तणाचा फार त्रास आठवत नाही. पावसाळाभर पाणी साचलेल्या रानात कोरडवाहू तण गुदमरून जातं. त्रास व्हायचा तो बळ्ळारी नाल्याच्या काठच्या रानांना. नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की जाताना कुठकुठलं बी मागं ठेवून जायचं.

लग्न होऊन निपाणीकडं आले. इथं ऊस, सोयाबीन, तंबाखू. सोयाबीन निघाल्यावर रान रिकामं पडलेलं बघून माहेरचा वाटाणा मी इथं आणला. सासरे म्हणाले, "कर तुझ्या मनानं, पण हे भाताचं रान नव्हे." त्यांचं म्हणणं पहिल्याच हंगामात कळलं. सोयाबीनच्या रानात लव्हाळा, हराळी, चांदवेल, केना हे सगळे आधीच घर करून बसलेले असतात. वर थंडी पडली की चाकवत दाट उगवतो, आणि मळणीत सांडलेलं सोयाबीन वेगळंच. वाटाणा सुरुवातीला हळू वाढतो, त्याचं पान जमीन लवकर झाकत नाही. तोवर चाकवत गुडघ्याला लागतो.

आता करायचं काय, ते माझ्या रानावरून सांगते. तुमचं रान तुम्ही बघा.

सोयाबीन निघाल्यावर घाईनं पेरू नका, पण हे विहिरीचं किंवा वेदगंगेचं पाणी असणाऱ्यांसाठीच. कुळवाची एक पाळी द्यावी, हलकं पाणी द्यावं आणि आठ-दहा दिवस थांबावं. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून येतं. मग वरवर कुळव फिरवून ते मोडायचं आणि लगेच पेरायचं. कुळव खोल घातला तर खालचं बी वर येतं आणि केलेलं काम वाया जातं. पाणी नसेल तर हा खेळ करू नये. ओल गेली तर तण नसलेलं आणि वाटाणाही नसलेलं रान हाताला लागेल. येळ्ळूरकडं वडील भात कापल्यावर वाफसा धरून लगोलग कुरी लावायचे, ते त्या रानाला बरोबरच होतं.

हराळी आणि लव्हाळ्याला मात्र कुळवाने मरण नाही. हराळीचं प्रत्येक पेर आणि लव्हाळ्याची प्रत्येक गाठ नवं रोप होते. कुळव त्यांची लागवडच करतो म्हणा ना. चांदवेलाचंही तसंच, मूळ खोल जातं आणि तुकड्यातून फुटतं. ही तीन तणं जिथं दाट आहेत, तो तुकडा मी वाटाण्याला देत नाही. उन्हाळ्यात नांगरून, गाठी-काशा वेचून, उन्हात वाळवून तो दुसऱ्या पिकाला ठेवते.

पेरणी कुरीनेच, ओळीत. बी फोकून टाकलं की भांगलणीशिवाय दुसरा उपाय राहत नाही, आणि भांगलणीला बायका मिळायच्या दिवसांत सगळ्या गावाची सुगी एकदमच असते. पूर्वी पैऱ्यावर कामं व्हायची. आज आमच्यात, उद्या तुमच्यात. आता ऊसतोड, विटा, बेळगावचे कारखाने, सगळीकडं माणूस ओढला जातो. ओळींत एक फुटाचं अंतर ठेवलं तर वीस-पंचवीस दिवसांनी कोळपं फिरवता येतं. त्यानंतर ओळीत राहिलेलं तण हाताने काढायचं, तेही तणावे एकमेकांना लागायच्या आधी. दव असताना शिरू नये. ओल्या पानांतून फिरलं की रोग एका वेलावरून दुसऱ्यावर जातो. खुरपंही वरवर चालवावं. वाटाण्याची मुळं उथळ, आणि त्यांवरच्या गाठीच हवेतला नत्र धरतात. या गाठींमुळे पिकाला युरिया फारसा लागत नाही. वरून युरियाचा हात सैल सोडला तर त्यावर चाकवतच आधी माजतो.

तणनाशकाविषयी आमच्याकडं दोन टोकं आहेत. एक म्हणतो हातच लावायचा नाही, दुसरा म्हणतो एक फवारा आणि काम खल्लास. माझं मत मधलं आहे. पेरणीनंतर पहिल्या दोन दिवसांत, वाटाणा उगवायच्या आत, ओल्या जमिनीवर पेंडीमेथॅलिन मारलं तर तणाचं बी उगवतानाच मरतं. तीस टक्क्यांचं असेल तर एकरी एक ते सव्वा लिटर, दोनशे लिटर पाण्यात. जमीन कोरडी असेल तर पैसे वाया. वाटाण्याचं बीही दीड-दोन इंच खाली पडलेलं हवं, नाहीतर पिकालाच बाधतं. मारताना मागं मागं सरत मारावं, म्हणजे औषधाचा थर आपल्याच पायांनी मोडत नाही. लव्हाळा, हराळी, चांदवेल याला दाद देत नाहीत हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून इथं सांगते. गवतवर्गी तण नंतर आलं तर क्विझॅलोफॉप आहे, पण ते रुंद पानाच्या तणाला काही करत नाही.

आणि ग्लायफोसेट. "बांधावर मारू नुसतं" म्हणून आणतात आणि वारा कुठं नेतो ते बघत नाहीत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडून करून घ्यायची असा नियम केला. शेतकऱ्याने पंप पाठीला लावून ते मारणं त्यात बसत नाही.

ज्या गोष्टीमुळं हे लिहायला बसले, ती आता सांगते. वाटाणा चांगला आला होता, कोळपणी झाली होती, फक्त एका कडेला हराळी आणि पडीचं गवत होतं. तेवढ्यापुरतं क्विझॅलोफॉप मारायचं ठरलं. आमचा पंप बिघडला होता, म्हणून औषध मारणाऱ्या माणसाला त्याच्याच पंपासकट बोलावलं. तो आदल्या दिवशी कुणाच्या तरी उसात टू-फोर-डी मारून आला होता. "धुतलाय वैनी, दोनदा पाणी फिरवलंय," म्हणाला. धुतलाही असेल, खोटं बोलला असं मी म्हणत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारची बाई बांधावरून हाक मारून म्हणाली, "वैनी, तण नव्हं, तुमचं पीकच वाकडं झालंय की वो!" जाऊन बघते तर शेंडे पिळ्यासारखे वळलेले, पानं वाटीसारखी आत वळलेली, देठं फुगून चिरलेली. फुलं धरायची ती गळून पडत होती. पहिल्यांदा वाटलं मावा, नाहीतर विषाणू. पण वाकडेपणा जिथं फवारा गेला तिथंच होता, पट्ट्यापट्ट्याने, आणि जिथं पंप भरून सुरुवात केली तिथं सर्वांत जास्त. रोग अशा सरळ रेघा मारत नाही.

मागाहून एका कृषी अधिकाऱ्याने उलगडून सांगितलं. टू-फोर-डी रुंद पानाच्या झाडांवर चालतं, ऊस गवतवर्गी म्हणून वाचतो. वाटाणा, हरभरा, सोयाबीन, तूर, टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना ते अगदी थोडंही सोसत नाही. ते पंपाच्या रबरी नळीत, वायसरमध्ये, गाळणीत मुरतं. साध्या पाण्याने वरवर निघतं, आतलं राहतं. दुसऱ्या दिवशी तेलकट औषध त्यात भरलं की ते आतलं सुटं होऊन फवाऱ्यातून बाहेर पडतं. म्हणजे क्विझॅलोफॉपने वाटाण्याला काही केलं नाही, त्याने फक्त पंपातलं आदलं औषध बाहेर काढलं.

उपाय विचारला तर तो म्हणाला, उपाय नाही. दुकानात एकाने टॉनिक सुचवलं. मी घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. ज्या वेलांचे शेंडे थोडेच वळले होते, ते खालून नवी फूट काढून कसेबसे सावरले. जास्त वळलेले वेल आम्ही काढून टाकले. जनावरांना घातले नाहीत, आणि त्या पट्ट्यातल्या शेंगा बाजारात नेल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडं दोन पंप आहेत. तणनाशकाच्या पंपाला तांबड्या रंगाने खूण केलेली आहे आणि त्यात कीटकनाशक भरायचं नाही. दुसरा पंप घेणं परवडत नसेल तर निदान असं करा: साबणपाण्याने धुवा, मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी टाकीत, नळीत, नोझलपर्यंत भरून रात्रभर ठेवा, सकाळी ते सोडून दोन-तीनदा स्वच्छ पाणी काढा. ते पाणी विहिरीकडं, ओढ्याकडं जाऊ देऊ नका. आणि पिकात घालण्याआधी दोन-चार घेवड्याच्या रोपांवर मारून बघा. घेवडा सरळ राहिला तर पंप बरा. बाहेरून पंपवाला बोलावला तर पैशांची बोलणी नंतर, आधी विचारायचं: "काल कशात मारलंस?"

शेजारच्या उसातून वाऱ्याने येणाऱ्या औषधाचंही तसंच. टू-फोर-डीचा ईथाइल ईस्टर उन्हात वाफ होऊन उडतो; सोडियम किंवा अमाइन क्षार त्या मानाने जागेवर राहतो. शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा आधीच जाऊन सांगावं, भाऊ, माझ्या कडेला वाटाणा आहे, वारा पडल्यावर मारा आणि ईस्टर आणू नका. बहुतेक जण ऐकतात. उद्या त्यांच्या बांधाला तूर असते.

खोडवा काढून रान रिकामं केलंय आणि वाटाणा घालायचा विचार आहे, तर आणखी एक तपासा. उसात, मक्यात अॅट्राझिन मारलेलं असेल तर ते जमिनीत महिनोन्‌महिने राहतं, आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात आणखीच. वाटाणा उगवतो, हिरवा दिसतो आणि मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. एक सोपी परीक्षा आहे. त्या रानातली माती एका कुंडीत, कधीच औषध न पडलेली परसातली माती दुसऱ्या कुंडीत; दोन्हीत वाटाणा टाका आणि तीनेक आठवडे बघा. कुंडी खोटं सांगत नाही, औषधाचा कागद मात्र कधी कधी कन्नडमध्ये असतो आणि आपल्याला निम्माच कळतो. लाजायचं काय त्यात. शाळेतल्या पोराला वाचायला लावायचं, नाहीतर रयत संपर्क केंद्रात जाऊन विचारायचं.

एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही म्हणून आवर्जून लिहिते. आमच्याकडं वाटाण्यातला चाकवत, तांदुळजा, घोळ बायका भाजीला खुडून नेतात. विचारून नेतात असंही नाही, तशी रीतच आहे. थंडीत चाकवताच्या पातळ भाजीला तोड नाही, मीही नेते. पण रानात काही मारलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही. आम्ही फवारणीनंतर चारही कोपऱ्यांना काठीला फडकं बांधतो आणि गावात चार घरी सांगून ठेवतो. गवत कापून म्हशीला नेणाऱ्यांनाही.

निपाणीच्या जुन्या तंबाखूवाल्यांकडून मी एक शिकले. तंबाखूच्या मुळावर बंबाखू उगवतो. त्याला स्वतःचं हिरवं पान नाही, सगळं तंबाखूचंच शोषतो. त्याचं बी धुळीसारखं बारीक आणि वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहणारं. म्हणून म्हातारी माणसं तो फुलायच्या आत उपटायची आणि रानाबाहेर नेऊन जाळायची, तिथंच टाकून द्यायची नाहीत. त्याच जातकुळीतलं दुसरं तण स्पेन, मोरोक्को, इजिप्तकडं वाटाणा आणि बाकल्याची रानंच्या रानं खाऊन टाकतं. आपल्याकडच्या वाटाण्याला ते संकट नाही, पण फुलायच्या आत उपटायची सवय इथंही चालते. गाजरगवताचंही तेच. ते पुण्याजवळ १९५५-५६च्या सुमाराला दिसलं आणि आता बांध मोकळा नाही. बेंगळुरूला १९८४मध्ये सोडलेले मेक्सिकन भुंगे त्याची पानं खातात खरे, पण ते पावसाळ्यात. वाटाण्याच्या दिवसांत ते मातीत झोपलेले असतात. तेव्हा बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत आपणच उपटायचं, हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते.

शेवटच्या तोडणीनंतर वेल जनावरांना जातात. त्याआधी बांधावर बसून त्यातला बी धरलेला चाकवत वेगळा काढा. ते बी म्हशीच्या पोटातून जिवंत निघतं, शेणात येतं, आणि अर्धवट कुजलेलं खत पुढच्या वर्षी रानात टाकलं की आपणच ते पेरलेलं असतं. काढलेला चाकवत खताच्या ढिगाच्या अगदी मधोमध पुरा, जिथं हात लावला तर चटका बसतो. कडेला टाकलात तर तो उगवेल.