परिचर्या प्रशिक्षणाची प्रतीक्षायादी : शाळा व पंचायतींनी करावयाचे काम

दौंड तालुक्यातील राहू आणि त्याच्या आसपासचा बागायती पट्टा भीमा व मुळा-मुठा यांच्या बेचक्यात आहे. लोक त्याला ‘बेट’ म्हणतात. ऊस, गुऱ्हाळे आणि दूध यांवर या भागाचा संसार चालतो. येथील बारावी झालेल्या मुलीस परिचर्येचा मार्ग जवळचा वाटतो, कारण शिक्षण तीन-चार वर्षांत पुरे होते, रोजगाराची शक्यता चांगली असते आणि आरोग्य केंद्राच्या निमित्ताने गावाकडे परतण्याची वाट मोकळी राहते. परंतु शासकीय संस्थांत शुल्क कमी, जागा मोजक्या आणि अर्ज पुष्कळ. त्यामुळे अनेकींच्या हाती प्रवेशाऐवजी प्रतीक्षायादीतील एक क्रमांक पडतो. त्या क्रमांकाचा अर्थ काय आणि तो हाती असताना काय करावे, हे सांगणारे मात्र गावात क्वचित भेटते.

एके काळी स्थिती नेमकी उलट होती. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले, तेव्हा परपुरुषांची शुश्रूषा करणे कुलीन घरांत कमीपणाचे मानले जाई. विद्यार्थिनी मिळविण्यासाठी घरोघर समजूत घालावी लागत असे. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असे प्रमाण नोंदविले आहे. आज मुली रांगेत उभ्या आहेत, तरीही तुटवडा संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार २०१८ मध्ये जगात ५९ लाख परिचारिका कमी होत्या. गरज आहे, इच्छुक आहेत, तरी मधली वाट अरुंद का, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

याचे उत्तर वर्गखोल्यांत नसून रुग्णखाटांत आहे. परिचर्या फळ्यावर शिकविता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार प्रात्यक्षिकाच्या वेळी एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत आणि महाविद्यालयास किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे. चाळीस विद्यार्थिनी एकाच वेळी वॉर्डात उतरल्या तर १२० रुग्ण हवेत. शिवाय दहा विद्यार्थिनींमागे एक अध्यापक. ग्रामीण रुग्णालय सर्वसाधारणपणे ३० खाटांचे असते. ‘आमच्या तालुक्यात नर्सिंग कॉलेज काढा’ अशी मागणी ग्रामसभेत होते तेव्हा हा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे, कारण इमारत बांधून जागा वाढत नाहीत. खाटा आणि शिक्षक वाढले, तरच त्या वाढतात.

आता प्रतीक्षायादीविषयी. यादीतील क्रमांक ही बसची रांग नव्हे. प्रवर्ग, संस्था आणि विद्यार्थिनीने भरलेला पसंतीक्रम यांवर तो अवलंबून असतो. बी.एस्सी. नर्सिंगला अर्ज करणाऱ्या पुष्कळ मुली आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा भौतिकोपचार यांच्याही यादीत असतात. तिकडे प्रवेश मिळाला की त्या इकडची जागा सोडतात, आणि मागचा क्रमांक पुढे सरकतो. म्हणून पहिल्या फेरीत नाव न लागणे म्हणजे नकार नव्हे. खरी हालचाल नंतरच्या फेऱ्यांत होते. दोन-तीन नामांकित संस्थांचीच नावे लिहून अर्ज भरणारी मुलगी आपला मार्ग आपणच आखूड करते. ज्या संस्थेत खरोखर जाण्याची तयारी आहे ती प्रत्येक संस्था पसंतीक्रमात असावी. दूरची असली तरी चालेल, वसतिगृहाची चौकशी तेवढी आधी करावी.

प्रवेशाचे नियमही बदलत आले आहेत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी काही वर्षे ‘नीट’चे गुण पाहिले जात; पुढे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने स्वतंत्र परीक्षा सुरू केली. म्हणून थोरल्या बहिणीच्या वेळचे नियम धाकटीला सांगू नयेत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका शिक्षकांनी स्वतः वाचावी, आणि शक्य तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी.

दहावीच्या शिक्षकांवर तर विशेष जबाबदारी आहे. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. खुल्या प्रवर्गात त्यांत किमान ४५ टक्के गुण हवेत. अकरावीत जीवशास्त्र सोडले की हा दरवाजा बंद. परंतु तो एकच दरवाजा नाही. तीन वर्षांच्या जी.एन.एम. पदविकेस कोणत्याही शाखेतून इंग्रजीसह ४० टक्के गुणांनी बारावी झालेली मुलगी पात्र ठरते. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम कला शाखेच्या मुलींनाही खुला आहे. नोंदणीकृत ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम. करता येते, आणि जी.एन.एम.नंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे. वेळ अधिक लागतो, हे खरे. तथापि पदवीच्या यादीत वर्षभर हात बांधून बसण्यापेक्षा पदविकेला प्रवेश घेणे माझ्या मते शहाणपणाचे, विशेषतः घरची परिस्थिती बेताची असेल तेव्हा. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे आणि त्या उपकेंद्राचा कणा ए.एन.एम.च असते. या पदाकडे कमीपणाने पाहण्याची सवय आपण सोडलेली बरी.

प्रतीक्षेच्या काळातच फसवणूक होते. निकालानंतर महिन्याभरात ‘खात्रीची जागा’ देणारे मध्यस्थ गावोगाव फिरू लागतात. सहा महिने किंवा एक वर्षाचा, ‘नर्सिंग’ हा शब्द नावात असलेला अभ्यासक्रम ते दाखवितात. असे काही अभ्यासक्रम रुग्ण-सहायकाचे काम शिकण्यापुरते उपयोगी असतीलही, परंतु त्यांनी परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून शासकीय पद नाही. पालकांनी पैसे देण्यापूर्वी तीनच गोष्टी विचाराव्यात. परीक्षा कोण घेते? ए.एन.एम. व जी.एन.एम. असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, पदवी असेल तर नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, असे उत्तर यावयास हवे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईल काय? आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या? तिसऱ्या प्रश्नावर चालढकल झाली तर तेथून उठावे.

पैशाच्या दृष्टीनेही घाईचा सौदा महाग पडतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणारीस ती मिळत नाही. प्रतीक्षायादीला कंटाळून बाहेरून जागा घेणारे कुटुंब, बहुधा नकळत, हा हक्क सोडून देते.

राहता राहिले कागद. गुणवत्तेत बसलेली मुलगी दाखल्यावाचून मागे पडते, याइतकी टाळता येण्याजोगी हानी दुसरी नाही. अधिवास, उत्पन्न आणि नॉन-क्रीमीलेअर हे दाखले परीक्षेच्या आधीच काढावेत व त्यांची मुदत पाहावी. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जावा, कारण वाडवडिलांचे जुने पुरावे गोळा करण्यातच महिने जातात. ग्रामपंचायतींनी डिसेंबरात एक दिवस ठरवून तलाठी, ग्रामसेवक आणि कनिष्ठ महाविद्यालयाचे लिपिक यांना एकत्र बसविले, तर निम्मे हेलपाटे वाचतील. उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतींवर आहेच. त्यातून असे मार्गदर्शन नियमात बसते किंवा कसे, हे पंचायत समितीकडून समजून घ्यावे.

आणखी एक बाब किरकोळ दिसते, पण जागा घालविते. अर्ज भरताना मोबाईल क्रमांक पुष्कळदा संगणक केंद्रवाल्याचा किंवा ऊसतोडीच्या कामावर परगावी गेलेल्या वडिलांचा दिला जातो. फेरीचा निकाल आणि प्रवेशनिश्चितीची मुदत यांत थोडेच दिवस असतात. संदेश पोहोचत नाही, मुदत टळते आणि जागा पुढील विद्यार्थिनीस जाते. अर्जात मुलीचा स्वतःचा अथवा घरात राहणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक असावा, संकेतशब्द वहीत लिहून ठेवावा, आणि फेऱ्या चालू असेपर्यंत वर्गशिक्षकांनी दर दोन दिवसांनी यादी पाहून संबंधित मुलींना कळवावे.