लिलावातला जेसीबी: बोलीआधी वहीत लिहायचा एक आकडा



व्हिडिओत लिलावाचा भाग मी भराभर सांगून गेलो. इथे तो हिशोबासकट मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

दिवाळीनंतर आपल्या वरंध भागातला एक तरुण दुकानात आला. सात वर्षं दुसऱ्याच्या जेसीबीवर ऑपरेटर. मोबाईलवर फोटो दाखवला. पुण्याजवळच्या यार्डातलं मशीन, हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेलं. बोलीची सुरुवात साडेपाच लाखांपासून. म्हणाला, "दादा, असं मशीन बाजारात बारा लाखांना आहे. आईचे दागिने ठेवतो. घेऊन टाकू का?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याला वही दिली.

लिलाव म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

लिलावाच्या अटींत एक वाक्य असतंच: माल "जसा आहे, जिथे आहे" तसा घ्यायचा. म्हणजे गॅरंटी नाही, नंतर तक्रार नाही. भाग घ्यायला बयाणा भरावा लागतो. बोली जिंकून माघार घेतली तर तो बुडतो. सगळ्यात मोठी बोली तुमची असली तरी ती मंजूर करायची की नाही, हा हक्क बहुतेक वेळा विकणाऱ्याकडे असतो. सरकारी खात्यांचा जुना माल एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो, हप्ते थकलेली वाहनं बँका आणि फायनान्स कंपन्या काढतात. अटी प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मशीन बघताना

सोबत मिस्त्री न्याच. त्याची एक दिवसाची मजुरी हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

- मशीन सुरू करू देतात का, आधी विचारा. देत असतील तर सकाळी थंड इंजिनावर सुरू करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय.
- ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.
- पुढचं बकेट उचलून इंजिन बंद करा आणि लांब उभे राहा. बकेट हळूहळू खाली येत असेल तर हायड्रॉलिकचा खर्च धरा. उचललेल्या बकेटखाली कोणीही जायचं नाही.
- पिन-बुशमध्ये किती ढिलेपणा आहे आणि चॅसिसला वेल्डिंग मारलंय का, ते पाहा.
- तासांच्या मीटरवर विसंबू नका, मीटर बदलता येतो. झिजलेले पेडल आणि सीट जास्त खरं बोलतात.

कागद बघताना

चॅसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. थकलेला कर, चलन, विमा किती ते काढा. जाहीर लिलावात घेतलेलं वाहन नावावर करायला आरटीओचा फॉर्म 32 असतो आणि ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म 35. मशीन परराज्यातलं असेल तर तिथली एनओसी. हे कागद कोण देणार आणि कधी, ते बोलीआधी लेखी विचारा.

इथे माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी लिलावात जुना जनरेटर घेतला. उचलायची मुदत नीट वाचली नाही, गाडी मिळायला उशीर झाला आणि यार्डाच्या भाड्यात माझी सगळी बचत गेली. चूक माझीच होती.

आता तो आकडा

हिशोब उलटा करायचा. सुरुवातीच्या बोलीपासून वर जायचं नाही, बाजारभावापासून खाली यायचं. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

- आपल्या भागात चालू, कागद स्वच्छ असलेल्या मशीनचा भाव: 12,00,000
- पिन-बुश, सील, हायड्रॉलिक: 80,000
- टायर: 60,000
- ट्रेलर: 35,000
- नावावर करणं, कर, विमा: 65,000
- लिलावाची फी, यार्ड भाडं: 20,000
- न दिसलेल्या बिघाडासाठी राखीव: 1,20,000

खर्च 3,80,000. उरले 8,20,000. ही तुमची शेवटची बोली, आणि बोलीवर वेगळा जीएसटी लागत असेल तर तोही यातच बसवायचा.

ट्रेलरचा खर्च वेळेप्रमाणे बदलतो. अलीकडे पावसाळ्यात वरंध घाट जड वाहनांना बंद ठेवतात. मग पुण्याहून दुसऱ्या वाटेने, उदाहरणार्थ खोपोली-पाली-वाकण करून मुंबई-गोवा महामार्गाने, यावं लागतं.

पावसाचा दुसरा हिशोब कर्जाचा. हप्ता बारा महिने, पण आपल्याकडे मातीकाम साधारण आठ महिने. 22,000 चा हप्ता म्हणजे वर्षाचे 2,64,000. ते आठ महिन्यांत कमवायचे, म्हणजे कामाच्या प्रत्येक महिन्याला 33,000. शिवाय डिझेल आणि पगार वेगळे. दरड काढायचं काम पावसात निघतं, पण त्याच्या भरवशावर हप्ता बांधू नका.

थांबणं हाही धंदाच

लिलाव बहुतेकदा तोच जिंकतो ज्याने सगळ्यात जास्त किंमत लावली. म्हणजे अंदाज चुकायची शक्यताही त्याचीच जास्त. त्यात अनेक ई-लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, आणि "अजून दहा हजारच" म्हणत माणूस लाखभर वर जातो.

आमच्या तरुणाने वहीत 8,20,000 लिहिले. बोली 8,90,000 ला गेली. तो थांबला. रात्री फोनवर चिडला होता, "दादा, हातातलं मशीन गेलं." मी म्हटलं, "मशीन गेलं, दागिने घरात आहेत."

परवा तो पुन्हा आला. नवीन लिलावाची यादी होती, सोबत मिस्त्री होता, आणि वहीचं पान त्याने स्वतः भरलं होतं. मला फक्त बेरीज तपासायला सांगितली.

तुमचा गृहपाठ तोच. एक मशीन निवडा, असंच पान भरा, मगच बयाणा भरा.