रीस्टार्ट केलं की चालतं, म्हणून दोष कोडचा?

चाकणच्या एका कारखान्यात आमचा विंडोज प्रोग्रॅम 239 ने सुरू होणाऱ्या मल्टिकास्ट पत्त्यावरून मशीनचा डेटा घेऊन स्क्रीनवर दाखवायचा. आमच्या ऑफिसात तो दिवसभर बिनतक्रार चाले. तिथे मात्र चार-सव्वाचार मिनिटांनी आकडे गोठायचे. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की पुन्हा सुरळीत. झालं! "रीस्टार्ट केल्यावर चालतं, म्हणजे तुमच्याच कोडमध्ये गडबड आहे," असं तिथल्या नेटवर्कवाल्यांनी ठरवून टाकलं. मीटिंगमध्ये, ईमेलमध्ये, साहेबांसमोर हेच पालुपद. स्विचची सेटिंग्ज दाखवा म्हटलं, तर "ती स्टँडर्ड आहेत, तिथे हात लावायचा नाही." एकाने दर तीन मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट करणारा टायमर टाका असा सल्ला दिला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

शेवटी त्याच पीसीवर वायरशार्क लावून बसले. सुरुवातीला आमचा आयजीएमपी जॉईन, म्हणजे ग्रुपमध्ये सामील होण्याचा संदेश, गेलेला स्पष्ट दिसला, पाठोपाठ डेटा. 260 सेकंदांच्या आसपास डेटा तुटला. सॉकेट उघडाच होता, विंडोजच्या यादीत ग्रुपचं सदस्यत्वही शाबूत. तो 260 चा आकडा पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. ग्रुपमध्ये अजून कोणी आहे का, हे विचारणारी आयजीएमपी क्वेरी दर 125 सेकंदांनी यायची असते. अशा दोन फेऱ्या आणि वर 10 सेकंद, एवढ्यात उत्तर आलं नाही, तर तिथे कोणी ऐकणारा उरला नाही असं धरतात. फिल्टर लावला. अख्ख्या कॅप्चरमध्ये एकही क्वेरी नव्हती! स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू, म्हणजे डेटा फक्त सदस्य पोर्टांनाच, आणि क्वेरी पाठवणारा क्वेरिअर कुठेच नाही. कोणी विचारतच नसेल, तर आमचा पीसी उत्तर कुणाला देणार? स्विच आमचा पोर्ट यादीतून काढून टाकत होता. रीस्टार्ट केलं की नवा जॉईन जायचा आणि मुदत नव्याने सुरू व्हायची. आमच्या ऑफिसातला साधा स्विच सगळ्याच पोर्टांना डेटा पाठवतो, म्हणून तिथे कधी अडलं नव्हतं.

नेटवर्कवाल्यांना कॅप्चर पाठवल्यावर क्वेरिअर चालू झाला. उत्तर आलं एका ओळीचं: "इश्यू रिझॉल्व्ह्ड." आमच्या कोडवर केलेल्या आरोपांबद्दल चकार शब्द नाही.

मल्टिकास्टचं काम करणाऱ्यांनी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. जॉईन करताना इंटरफेसचा पत्ता स्वतः द्या. तो रिकामा सोडला तर विंडोज आपल्या मर्जीने कार्ड निवडतं. पीसीवर व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचं कार्ड असेल तर जॉईन भलतीकडेच जाऊ शकतो. पाठवण्याचा इंटरफेस वेगळा ठरवावा लागतो, तोही विसरू नका. लिनक्सवर ग्रुपच्या पत्त्यालाच बाइंड करता येतं. विंडोजवर तेच केलं तर 10049 एरर येते. तिथे स्थानिक पत्त्याला बाइंड करा आणि मग जॉईन करा. जॉईनला 10042 आली तर हेडर तपासा: जुन्या आणि नव्या विनसॉकमध्ये जॉईनच्या ऑप्शनचे आकडे वेगळे आहेत. मल्टिकास्टचा टीटीएल मुळात 1 असतो, राउटर ओलांडायचा असेल तर वाढवा. वायरशार्कमध्ये पॅकेट दिसतंय पण प्रोग्रॅमपर्यंत येत नाही, तर आधी फायरवॉल बघा. लॉग ठेवा. समोरच्याचं प्रत्येक म्हणणं लेखी घ्या, तोंडी बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही.

आणि डेटा ठरावीक मिनिटांनी थांबत असेल, तर कोडची एक ओळही बदलण्याआधी क्वेरी येते का ते पाहा. येत नसेल तर दोष तुमचा नाही. कितीही मोठ्या आवाजात कोणी सांगितलं, तरी तो अंगावर घेऊ नका.